कोदू आत्याची मांडी

"मग जा, तूच जाऊन सांग इमामसाहेबांना," बिरम ओरडत होता. "म्हणावं, जरा लवकर उरका, आमच्या बहिणीला चेंडू आपटायला जायचंय!"

"सांगते की. तुझी जीभ उचलत नसेल तर मी सांगते."

"कोदू!" त्यांची आई सिगा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "थोरल्या भावाशी बोलतेयस."

"थोरला आहे म्हणूनच बोलतेय, आई. धाकटा असता तर एव्हाना एक ठेवून दिली असती."

भिंतीच्या अलीकडे मी कपडे पिळत होते. आमच्या आणि गेयेंच्या अंगणात एकच भिंत आहे, तीही खांद्याएवढी. त्यांच्याकडचं भांडण ऐकायला कान द्यावा लागत नाही. न ऐकायचं म्हटलं तर मात्र घर सोडून जावं लागेल.

बिरमच्या बायकोला, सोखनाला, शनिवारी मुलगी झाली होती. बारसं आठव्या दिवशी, म्हणजे येत्या शनिवारी. ते कोणासाठी पुढंमागं होत नाही. नेमकी त्याच शनिवारी सकाळी दहाला कोदूच्या संघातल्या मुलींची बास्केटबॉलची फायनल होती. बारशात बाळाला घेऊन बसायचं ते आत्यानं. तिच्या मांडीवर जावळ उतरतं, तिच्याच मांडीवर इमाम बाळाच्या कानात नाव सांगतात. आणि फायनलचा नियम असा की बाकावर परवाना असलेला प्रशिक्षक नसेल तर संघाला खेळताच येत नाही. आमच्या वस्तीत असा परवाना एकाच माणसाकडे होता, आणि तेच माणूस या बाळाची सख्खी आत्या होतं.

"त्या दिवशी वस्तीत तीन बारशी आहेत," बिरम म्हणाला. "इमामसाहेबांनी आपल्याला दहाची वेळ दिलीय, मी हो म्हटलंय. आता वेळ बदलून मागितली तर लोक काय म्हणतील? बिरमला बायको नाचवत नाही, बहीण नाचवते!"

"पण भांडायचं कशाला म्हणते मी?" हा आवाज अब्साचा. अब्सा त्यांच्या वडिलांच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. दोन गल्ल्या सोडून राहते, पण भांडणाचा वास लागला की चपला न घालता येते. "मी बसेन की बाळाला घेऊन. माझी मांडी काय लाकडाची आहे?"

सिगानं सूप खाली ठेवलं. "कोदू, नीट ऐक. बाळाला जी मांडीवर घेऊन बसते तीच आत्या. उद्या पोरगी तापली, शाळेत घातली, तिचं लग्न ठरलं, तर पहिला निरोप अब्साकडे जाईल. तुला मागून कळेल."

"आणि ती माझी पोर आहे, तुझ्या चेंडूची नाही," बिरम म्हणाला. "गावभरच्या पोरी हिला आत्या म्हणतात. घरच्या पोरीची आत्या मात्र दुसरी कोणी तरी!"

यावर कोदूचं उत्तर येईल म्हणून मी पिळता पिळता थांबले.   ती एवढंच म्हणाली, "बसू दे अब्साला," आणि उद्याच्या चवळ्या भिजत घालायला निघून गेली.

*

कोदूला स्वतःचं मूल नाही. तिचा बाप रेल्वेत गार्ड होता. डाकारजवळच्या आमच्या त्येस शहरात एके काळी अर्धं गाव रेल्वेतच होतं. बापासारखीच ती उंच निघाली. शाळेत असताना बास्केटबॉल खेळायची, तेव्हा मुली खेळायच्या त्या लग्न ठरेपर्यंत. लग्न ठरलं की बूट धाकट्या बहिणीला जायचे. कोदूचे बूट कोणाला झालेच नाहीत, पाय एवढे मोठे! काओलाकच्या एका व्यापाऱ्याशी तिचं लग्न झालं. बरीच वर्षं वाट पाहून त्यानं मुलासाठी दुसरी बायको केली, आणि दुसरीला दिवस गेल्यावर कोदू एक पेटी घेऊन भावाच्या घरी परत आली. कोणी विचारलं तर म्हणायची, "तिथं ऊन फार."

परत आलेली बहीण घरात कुठं बसते, कोणती भांडी घासते, कोणाच्या आधी बोलते, याचे न लिहिलेले नियम असतात. कोदूनं त्यातले बरेच पहिल्याच महिन्यात मोडले. सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून ती पावात चवळीची उसळ भरून विकू लागली. शाळेत जाणारी सगळी पोरं तिथं थांबायची. त्यात एक तेनिंग होती. सेरेर जमातीच्या घरातली, ताडासारखी वाढलेली पोरगी. ती उंची लपवायला कायम वाकून, एक खांदा पाडून उभी राहायची. आईनं तिला सांगून ठेवलं होतं, एवढ्या उंच मुलीला नवरा मिळत नाही.

"सरळ उभी राहा," कोदू तिला म्हणाली. "वाकून उभ्या राहणाऱ्यांना मी उसळ देत नाही."

"ताई, लोक हसतात."

"माझ्याही उंचीला हसायचे. आता बघ, माझ्याच टेबलासमोर रांगेत उभे असतात."

दुसऱ्या आठवड्यात तेनिंग शाळा भरायच्या आधी प्राथमिक शाळेच्या अंगणात चेंडू आपटत होती. तिसऱ्या आठवड्यात तिच्याबरोबर आणखी मुली होत्या, आणि त्यात माझी पेंदाही होती. मला आधी पत्ताच नव्हता. मला वाटत होतं ती अभ्यासाला जाते.

अंगणातल्या जुन्या रिंगचा एक तुकडाच उरला होता. कोदूनं रेल्वेच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरला गाठलं. त्यानं घरातल्या बायकोच्या पातेल्यावरून माप घेऊन रिंग वळवून दिली. ती असायला हवी त्यापेक्षा लहान झाली. कोदूनं मान वाकडी करून पाहिलं, हात लावून पाहिलं, आणि म्हणाली, "राहू दे." मुलींचा चेंडू त्यात जाता जात नसे. त्या रडत, चिडत, वेल्डरच्या खानदानाचा उद्धार करत. वर्षभरानं पहिल्यांदा शहराच्या स्टेडियममध्ये खेळायला गेल्या तेव्हा पेंदा वर बघून ओरडली, "आत्या, ही रिंग नाही, परात आहे!" त्या दिवशी त्यांनी गुण मोजायला बसलेल्या माणसाला दमवलं.

आता चित्र पालटलंय. आधी आमच्याच वस्तीत मुली खेळायच्या, आता पटरीपलीकडच्या वस्तीतही खेळतात. मशिदीमागच्या मोकळ्या जागेतही रिंग आहे. मुलं फुटबॉल सोडून तिथं उभी असतात, आणि डाकारला आफ्रिकेतल्या क्लबांची लीग भरते तेव्हा चहाच्या शेगडीभोवती एका फोनवर दहा डोकी वाकलेली असतात. तो म्हातारा वेल्डर मेला, पण त्याचा पुतण्या आता रिंगाच करतो, आणि बरोबर मापाच्या. तेनिंगच्या आईला आता कोणी उंचीवरून बोललं तर ती म्हणते, "उंच आहे म्हणून तर तिचं नाव वर्तमानपत्रात येतं."

सोखनाचं आणि कोदूचं मात्र कधी फार सूत नव्हतं. मीठ कमी, मीठ जास्त, माझी बादली कोणी घेतली, असं चालायचं. पण बाळ झालं त्या शनिवारी दोघी नणंदा बघायला गेल्या. अब्सा म्हणाली, "मुलगीच का?" कोदू वाकली, बाळाची मूठ उलगडली आणि मोठ्यानं हसली. "बोटं बघ हिची! चेंडू एका हातात धरेल."  बाळंतीण आठ दिवस खोलीत असते, तिनं फारसं बोलायचंही नसतं. त्यामुळे सोखनाच्या मनात काय चाललंय ते आम्हाला कळलं नाही.

*

शनिवारी सकाळी कोदूनं मुलींना गोळा केलं. निघताना ती सोखनाच्या दारापाशी थांबली, आत गेली नाही. सिगानं तिच्याकडे बघितलं नाही. बिरम मेंढ्याला पाणी पाजत होता, त्यानंही नाही. पेंदानं मला मिठी मारली आणि त्या गेल्या.

मी बारशाला थांबले. शेजारधर्म म्हणून थांबावं लागतंच. माझा निळा कडक खळीचा पायघोळ बुबू घालून मी त्यांच्या अंगणात सतरंजीवर बसले. दह्यातली बाजरीची लापशी वाटून झाली. घराण्यांची स्तुती गाणारी खारी, जिच्याशिवाय आमच्याकडे बारसं होत नाही, घसा साफ करत होती, आणि तिच्या मुलाच्या मांडीत ढोल होता. अब्सा नवाकोरा पिवळा बुबू घालून मधोमध बसली होती, मांडीवर पांढरं कापड पसरून. इमामसाहेब वेळेवर आले.

सिगा सोखनाच्या दाराशी गेली. "सोखना, बाळ आण. इमामसाहेब आलेत."

"बाळ दूध पितंय, आई."

सगळे थांबले. बाळ दूध पितंय तर थांबणारच.

थोड्या वेळानं सिगा परत गेली. "झालं का?"

"पिऊन झोपलं."

"झोपू दे, झोपलेलंच आण."

"आत्ताच खराब केलं. धुतेय."

इमामसाहेब वयस्क आणि सहनशील माणूस. त्यांनी जपमाळ चार-पाच वेळा फिरवली आणि मग उठून म्हणाले, "बिरम, मी आधी पुढची दोन उरकून येतो. बाळाला सावकाश धुवा." आणि ते गेले.

बिरमचा चेहरा खाली पडलेल्या कलिंगडासारखा झाला. तो दारापाशी गेला. हळू बोलत होता, पण अंगणात सगळ्याच बायका होत्या, तेव्हा कोणाचं काही ऐकायचं चुकलं नाही.

"सोखना, बाहेर ये. सगळे बघतायत."

"बघू देत. बाळाची आत्या आली का?"

"अब्सा बसलीय ना!"

"मी बाळाची आत्या विचारली."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. उघडल्याचा नव्हे, लावल्याचा.

अब्सानं मांडीवरचं कापड घडी घातलं, उलगडलं, परत घडी घातलं. "वेड लागलंय बाळंतिणीला," ती म्हणाली, "ताप तर नाही ना?"  सिगा दाराकडे बघत उभी होती. मी तिच्या सुनेला सात वर्षं ओळखते. तिनं सासूला एवढ्या वर्षांत कधी उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. सिगानंही बहुधा नव्हता ऐकला.

मग खारी उठली. "बाळ झोपलंय, इमाम गेलेत, लापशी संपली," ती म्हणाली. "हा गळा घेऊन मी इथं काय करू? स्टेडियम कुठं दूर आहे? तिथं निदान कोणी तरी जागं असेल." तिनं मुलाला ढोल उचलायला सांगितला. तिच्यामागे एक बाई उठली, मग दोन, मग आम्ही सगळ्याच. बिरम म्हणाला, "अहो, पाहुणे!" पण पाहुणे रस्त्याला लागले होते.

*

आम्ही स्टेडियमच्या दारातून शिरलो तेव्हा मध्यंतर संपत आलं होतं. आमच्या मुली मागे होत्या, आणि थोड्या नव्हे. पेंदा ओठ चावत होती, तेनिंगनं पुन्हा एक खांदा पाडला होता. कोदू बाकाजवळ हाताची घडी घालून उभी होती आणि काही बोलत नव्हती. एरवी तिचा आवाज पटरीपलीकडे जातो.

पटरीपलीकडच्या संघाचा प्रशिक्षक मालिक सेक आमच्याकडे बघून हसला. सेक आणि गेये यांनी एकमेकांची थट्टा करायची, आणि कोणी रागवायचं नाही, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

"गेये बाई!" तो कोदूला म्हणाला. "सगळी वस्ती घेऊन आलात? जेवण इथं नाही. भाताच्या वासानं आलात वाटतं?"

"सेक, तुझ्या आजोबांनी आमच्या घरी भांडी घासली, तीही नीट नाही," कोदू म्हणाली, पण सवयीनं, जोर नव्हता. मग तिला आमचे भरजरी बुबू दिसले, खारी दिसली, ढोल दिसला. तिला वाटलं बारसं उरकलं. तिनं माझ्याकडे बघून फक्त भुवया उचलल्या.

मी कठड्यावरून वाकले. "नाही झालं. सोखनानं दार लावून घेतलंय. आत्या आल्याशिवाय उघडणार नाही म्हणते."

"काय?"

"अब्सा मांडीवर कापड पसरून बसलीय. इमामसाहेब दुसरीकडे गेले."

कोदूनं माझ्याकडे बघितलं, मग बाकावर बसली. बसली आणि लगेच उठली. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आणि मग तिचा आवाज निघाला. मी सांगते, मालिक सेक दचकला.

"तेनिंग! सरळ उभी राहा! काय भूकंप झालाय का? पेंदा, तुझी आई बुबू घालून बघायला आलीय, तिच्यासमोर झोपा काढणार आहेस? त्या सहा नंबरला चेंडू मिळतोच कसा? तिच्या श्वासावर श्वास टाक!"

त्याच वेळी खारीनं ढोलावर हात मारला. तिला बास्केटबॉलमधलं काहीही कळत नाही, पण घराणी तिला सगळी ठाऊक. प्रत्येक मुलीच्या बापाचं, आजोबांचं, पणजीचं नाव घेऊन ती गाऊ लागली. तेनिंगच्या आजोळी कोण किती शूर होतं, पेंदाच्या पणजीनं एकटीनं तीन बैल कसे हाकले, सगळं. ज्या मुलीला इतका वेळ फक्त नंबर होता, तिला एकदम सगळे पूर्वज मिळाले. मुलींच्या माना वर झाल्या. खेळणारी मुलगी मान वर करून धावली की वेगळीच दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

फरक कमी होत गेला. मालिक सेकनं थट्टा थांबवली. शेवटचं मिनिट चालू झालं तेव्हा आमच्या मुली एका गुणानं मागे होत्या आणि चेंडू समोरच्या संघाकडे होता. सहा नंबरवाली मुलगी उजवीकडे वळणार असं वाटलं. पेंदानं तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही, तिच्या पोटाकडे बघत होती. कोदूनं शिकवलेलं, डोळे खोटं बोलतात, पोट बोलत नाही. तिनं हात घातला, चेंडू सुटला, पेंदा त्याच्यामागे अक्षरशः आडवी झाली आणि पडता पडता तिनं तो पुढं ढकलला. पुढं तेनिंग होती. एकटी, ताठ, रिंगखाली. तिनं उडी मारली नाही. मारायची गरजच नव्हती. हात वर केला आणि चेंडू परातीत ठेवल्यासारखा आत टाकला.

शिट्टी झाली आणि पुढचं मला नीट आठवत नाही. माझा निळा बुबू काखेत फाटला. खारी मैदानात नाचत होती. तेनिंगची आई शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडली होती. मालिक सेक कोदूपाशी आला. "आता तुमच्याच घरी जेवायला येतो," तो म्हणाला. "हरलोय, पोट तरी भरू दे." कोदू म्हणाली, "ये. भांडी पडलीत."

चषक तेनिंगकडे देऊन ती चालू लागली. चालू नव्हे, पळू.

*

आमची अख्खी मिरवणूक ढोल वाजवत गल्लीत शिरली तेव्हा इमामसाहेब ती दोन बारशी उरकून परत येतच होते. बिरम दारात उभा होता. ओरडायचं त्यानं ठरवून ठेवलं असावं. पण तेनिंगनं चषक त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, जरा धरा, मला पाणी प्यायचंय." त्याचे दोन्ही हात अडकले.

कोदू सोखनाच्या दाराशी गेली. घामानं भिजलेली, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. तिनं दारावर थाप मारली नाही, नुसतं म्हणाली, "आलेय गं."

कडी निघाली. सोखना बाळ घेऊन बाहेर आली. तिनं अंगणात एकदा सगळीकडे बघितलं आणि अब्सासमोरून चालत गेली. सिगा उठली. तिनं स्वतःच्या खांद्यावरचं जाड विणीचं वस्त्र काढलं, ते तिच्या लग्नातलं, आणि कोदूच्या धुळीच्या पँटवर पसरलं.

"बस," ती म्हणाली. "वारा पडलाय, बाळाला उकडेल, लवकर उरकू."

कोदूच्या मांडीवर जावळ उतरलं. बिरमनं इमामसाहेबांच्या कानात नाव सांगितलं, इमामसाहेबांनी बाळाच्या. सिगा असंच नाव निघालं, आजीचं. हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, तरी आजीनं डोळे पुसले आणि म्हणाली धूर फार झालाय. खारीनं गेये घराण्याच्या सगळ्या पिढ्या गाऊन काढल्या आणि मध्येच कोदूच्या पुढच्या पिढीत तेनिंग, पेंदा आणि बाकीच्या मुली घुसडल्या. कोणी हरकत घेतली नाही.

मग मेंढ्याच्या मटणाचा भात आला. मोठ्या परातींभोवती सगळे बसले. मुली एका परातीला, मालिक सेक बिरमच्या शेजारी. बिरम त्याच्यासमोर मटणाचे तुकडे सरकवत होता आणि म्हणत होता, "खा, खा, हरलेल्याला जास्त लागतं." अब्सा दाराजवळ बसली होती. कोदूनं हाक मारून तिला आपल्या परातीला बोलावलं. अब्सा आली, पण आधी म्हणाली, "आत्या एक असली तरी मावश्या बऱ्याच असतात."

"मावशी आईची बहीण असते," सोखना म्हणाली. "तू माझी बहीण कधी झालीस?" आणि सगळे हसले. अब्साही हसली, जरा उशिरा.

बाळ कोदूच्या मांडीवर झोपलं होतं. तिनं एका हातानं खाल्लं, दुसरा हात बाळावरच होता. परात संपत आली तशी तिनं बोटं चाटली आणि बिरमकडे, आईकडे, मग सगळ्यांकडे बघितलं.

"जिंकलो म्हणून संघ देशातल्या मुलींच्या लीगमध्ये गेला," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी मी डाकारला असेन. बाळ मान धरायला लागलं की तिलाही नेईन, सोखनाशी बोलणं झालंय. घरातली शनिवारची स्वयंपाकाची पाळी बिरमची."